तिसावं उड्डाण

लहानू भोयेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या एजन्सीच्या काचेच्या दाराबाहेर चपला काढत होता. मी आतूनच ओरडले, अहो, घालून या, हे काय देऊळ आहे का? तो हसला नाही की ओशाळला नाही. चपला हातात घेऊन आत आला आणि म्हणाला, देवरे साहेबांचं तिकीट न्यायचंय. तिकिटावर नाव देवरेंचं होतं, पण मुंबईहून कलकत्त्याला उडणार होता लहानू. मला ते ठाऊक होतं. कारण ही सगळी अक्कल मीच पाजळली होती.

आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की तृप्ती गांगुर्डे स्वतःला वाचवून बोलते.

साल शहाण्णव. शरणपूर रोडवर धनराज शेठची ट्रॅव्हल एजन्सी होती आणि मी तिथे तिकिटं लिहायला होते. होय, लिहायला. विमानाची तिकिटं तेव्हा हाताने लिहायची, लाल कार्बनची, एक अक्षर चुकलं की अख्खं तिकीट रद्द. नाशिकहून विमान उडो न उडो, मुंबईहून उडणारे नाशिककर भरपूर होते. अंबडचे कारखानदार, द्राक्षवाले, डॉक्टर. त्यातलेच एक किशोर देवरे. मूळचे सटाण्याकडचे, अंबडला स्वतःचा कारखाना, औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणारी यंत्रं बनवायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. पण त्यांच्या मनात एक काटा होता.

झालं होतं असं, की एकदा मुंबई विमानतळावर ते सासऱ्यांना घेऊन उभे होते. हातात पक्की तिकिटं. विमान कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेली. तेवढ्यात एक माणूस धावत आला, सोनेरी कार्ड दाखवलं आणि आत गेला. देवरे आणि सासरे बाहेर. सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, जावईबापू, तुमच्यापेक्षा तो उशिरा आलेला बरा. ते ऐकलेला माणूस पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर बसला आणि विचारायला लागला, हे सोनेरी कार्ड मिळतं कसं?

मी सांगितलं. जानेवारी ते डिसेंबर या एका वर्षात त्याच कंपनीच्या विमानाने पंधरा वेळा उडालात तर रुपेरी, तीस वेळा उडालात तर सोनेरी. जाणं एक, येणं एक, असे दोन धरतात. सोनेरीवाल्याला वेगळी रांग, बसायला गार खोली, वीस किलो सामान जास्त आणि विमान भरलेलं असलं तरी जागा. एक जानेवारी उजाडला की मोजणी पुन्हा शून्यावर, पुन्हा तीस केले तर कार्ड पुढे चालू. देवरेंनी बोटं मोजली. वर्षाला चार, फार तर सहा. त्यांचा चेहरा इतका पडला की मला राहवलं नाही. पेनाचं टोपण चावत मी म्हणून गेले, "साहेब, तुमचा फिटर तर पंचवीस वेळा उडतो."

एवढंच बोलले मी. पुढचं त्यांनी आपोआप ओळखलं.

त्या वेळी देशातल्या देशात उडताना ओळखपत्र कोणी बघत नसे. तिकीट दाखवा, बसा. एकदा का तिकिटं देवरेंच्या नावाने निघायला लागली की लहानूने केलेलं प्रत्येक उड्डाण देवरेंच्या खात्यात जमा. आणि यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही, ही खरी गोष्ट आहे. अंबडच्या लहान कारखान्यांत सगळं मालकाच्याच नावावर असायचं. फिटरच्या खोलीचा करार मालकाच्या नावावर, त्याच्या चुलीवरचा गॅस मालकाच्या नावावर, तो चालवायचा ती स्कूटर मालकाच्या नावावर. त्यात आणखी एका तिकिटाचं काय! माझ्या टेबलावरून वर्षाला सहा-सात सोनेरी कार्डं निघायची. त्यातले किती जण तीस वेळा स्वतः विमानाची शिडी चढले होते, ते मला विचारू नका.

लहानू पेठ तालुक्यातला. वरच्या डोंगरात नागली-भात करणारं घर, सातपूरच्या आयटीआयला आला आणि इथलाच झाला. बायको लताबाई, एक पोर स्नेहा, श्रमिकनगरात एक खोली. यंत्र बिघडलं की तो त्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि सांगायचा, अमुक ठिकाणी कुरकुरतंय. हैदराबाद, कलकत्ता, चंदीगड, अहमदाबाद, जिथे देवरेंची यंत्रं तिथे लहानू. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं, तिथून विमान. विमानात बाई गोड आवाजात "मिस्टर देवरे" म्हणायची आणि हा मान हलवायचा. कारखान्यात पोरं त्याला छोटे देवरे म्हणून चिडवायची.

मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला कसंतरी नाही होत का हो? तो म्हणाला, "यंत्राला काय, कोणाच्याबी नावानं गेलो तरी ते चालू व्हतंय." वर त्याचा फायदाही होता. हत्यारांची पेटी पस्तीस किलोची. सोनेरी कार्ड दाखवलं की वजनावरून कोणी हुज्जत घालायचं नाही. म्हणून प्रवासाला निघताना देवरे त्याला कार्ड द्यायचे. परत आला की घ्यायचे, रुमालाने पुसायचे आणि पाकिटात ठेवायचे.

अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर आला. माझ्या डायरीत देवरेंच्या पानावर मी रेघा ओढत होते. आपलं काम म्हणून, कोणी सांगितलं नव्हतं. सोळा तारखेला मोजल्या, तर अठ्ठावीस. त्यातली चार त्यांची, चोवीस लहानूची. मी फोन करून सांगितलं, साहेब, दोन कमी पडतायत, पंधरा दिवस उरलेत. इतक्या हौसेने सांगितलं की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

देवरेंनी काम काढलं. हैदराबादच्या एका कंपनीत लेबल केसभर तिरकं बसतंय अशी तक्रार होती. लहानू म्हणाला, साहेब, त्याला जायची काय गरज, डावीकडच्या रुळाचा स्क्रू अर्धा आटा सैल करा म्हणून फोनवर सांगतो. शिवाय मंगळवारी संध्याकाळी पोरीचं गॅदरिंग होतं. स्नेहा पाच वर्षांची, बालवाडीत द्राक्षाचा घड होणार होती. देवरे म्हणाले, जाऊन ये, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. लहानू सोमवारी गेला. मंगळवारी, बावीस डिसेंबरला, दुपारी सव्वाला हैदराबादहून निघणार आणि पावणेतीनला मुंबईत उतरणार. ते तिसावं उड्डाण. मी सकाळी डायरीत एकोणतिसावी रेघ ओढली होती आणि तिसाव्यासाठी पेन उघडून ठेवलं होतं.

सव्वातीनला फोन वाजला. देवरे. आवाज असा की मी आधी ओळखलाच नाही.

त्यांच्या घरी गंगापूर रोडला विमान कंपनीचा फोन आला होता. सोनेरी कार्डवाल्यांच्या घरी आधी कळवायचं, अशी त्यांची रीत. बाईने देवरेंच्या बायकोला अदबीने सांगितलं, की आपले श्री. देवरे ज्या विमानात आहेत त्याचं डावं चाक बाहेर येत नाहीये, विमान मुंबईवर घिरट्या घालतंय, इंधन जाळून मग उतरवणार आहेत, आपण धीर धरा. बिचारी बायको गोंधळली. नवरा तर सकाळी डबा घेऊन अंबडला गेलेला. तिने कारखान्यात फोन लावला. देवरे आधी हसले. मग त्यांना कळलं कोण आहे विमानात.

आणि ते सावरेपर्यंत विमान कंपनीचा दुसरा फोन थेट कारखान्यात आला, कारण कार्डाच्या अर्जावर तो नंबर मीच लिहिला होता. बाईने विचारलं, आपण मिस्टर देवरेंचे कोण?

देवरे म्हणाले, "भाऊ."

हे त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. दहा मिनिटांत ते गाडी घेऊन एजन्सीत आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डिसेंबरात. धनराज शेठने शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्ही तिघं त्या फोनभोवती बसलो. बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ, पलीकडच्या दुकानात कोणी मिक्सर चालवून बघत होतं, आणि तिकडे आकाशात आमचा माणूस दुसऱ्याच्या नावाने फिरत होता.

मी म्हणाले, लहानूच्या घरी कळवायला हवं. धनराज शेठ म्हणाले, थांब. अर्ध्या तासात उतरेल, कशाला त्या बाईचा जीव टांगणीला लावतेस. आणि एकदा का खरं नाव बाहेर आलं, की पोलीस येतील, आपलं लायसन्स जाईल, साहेबांच्या कंपनीचं नाव जाईल. देवरे नुसते घड्याळ बघत होते.

"आणि पडलं तर?" मी विचारलं.

धनराज शेठ उगाच टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. पण तिघांच्याही डोळ्यांसमोर तेच आलं असणार. पडलं तर यादीत किशोर देवरे. आणि किशोर देवरे तर इथे खुर्चीत बसलेले. म्हणजे त्या जागेवर कोणीच नव्हतं. लहानू भोये नावाचा माणूस त्या विमानात चढलाच नव्हता, मग तो मेला कसा म्हणायचा? त्याची बायको कुठे जाऊन काय सांगणार? कोण तिचं ऐकणार? मला एकाएकी इतका राग आला, आणि कोणाचा ते कळेना. देवरेंचा म्हणावं तर रेघा मी मोजल्या होत्या.

पावणेचारला फोन वाजला. मी झडप घातली. विमान कंपनी असेल वाटलं. ती लताबाई होती.

श्रमिकनगरात तिच्या गल्लीच्या तोंडाशी कलाबाईचं एसटीडी बूथ होतं, तिथे छोटा टीव्ही असायचा. बातम्यांत विमान दाखवलं, खाली चौकशीचा नंबर दाखवला. लताबाईला एवढंच माहीत, की नवरा आज हैदराबादहून येणार. कलाबाईनेच त्या नंबरवर फोन लावून दिला होता, आणि मग जुन्या तिकिटाच्या पाकिटावरच्या आमच्या नंबरवर. धापा टाकत लताबाई म्हणाली, "ताई, म्या इचारलं मुंबईला. यादीत भोये नाय म्हनले. मंग ते दुसऱ्या इमानात असतील ना?"

धनराज शेठ समोरून मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण.

आणि मी म्हणाले, "हो."

ती पलीकडे इतका मोठा श्वास टाकून हसली की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. देव पावला म्हणाली. माझ्या काळजाचं पाणी झालं व्हतं म्हणाली. आता पोरीला फुगे बांधायचेत, पाचला गॅदरिंग हाय, ठेवते. आणि ठेवला तिने.

मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. धनराज शेठ म्हणाले, शहाणी आहेस. त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. आयुष्यात मी कधी मोठ्या माणसासमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही नाही चढवला. गुपचूप मुंबईचा एजंटांसाठी असलेला नंबर फिरवायला लागले. शेठ उठले. काय करतेस, म्हणाले. देवरेंचा हात पुढे आला आणि फोन कापायच्या खटक्यावर येऊन बसला. दाबला नाही. नुसता बसला. त्यांच्या बोटातली अंगठी मला दिसत होती आणि पलीकडे घंटा वाजत होती. एक, दोन, तीन. देवरेंचे ओठ हलत होते. मग ते खालच्या आवाजात, स्वतःशीच, आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "तो मना माणूस शे." माझा माणूस आहे, असं. आणि हात काढून घेतला.

पलीकडे बाई आली. मी एका दमात सांगितलं. "हैदराबादच्या विमानात जे देवरे आहेत ना, ते किशोर देवरे नाहीत. त्यांचं नाव लहानू भोये. राहणार श्रमिकनगर, सातपूर, नाशिक. मूळ गाव पेठ तालुक्यात. बायकोचं नाव लता."

बाई म्हणाली, असं कसं होईल, मिस्टर देवरेंच्या भावाशी आमचं बोलणं झालंय. मी रिसीव्हर देवरेंसमोर धरला. तो घेण्यापूर्वी त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. फार वेळ लावला. मला वाटलं, आता उठून जातात.

"मी किशोर देवरे बोलतोय," ते म्हणाले. "मी नाशिकला आहे. भाऊ-बिऊ कोणी नाही. विमानात माझा फिटर आहे."

बाईने नाव पुन्हा विचारलं, एकेक अक्षर. ते सांगत गेले. मी माझं नाव आणि एजन्सीचा नंबरही द्यायला लावला. त्यानंतर धनराज शेठ मला काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यांचंही बरोबर होतं. मी पर्स उचलली, शटरखालून वाकून बाहेर आले आणि लुना काढली.

सातपूरला पोचायला मला वीस मिनिटं लागली असतील. त्र्यंबक रोडवर ट्रकांच्या मागे मी नुसता हॉर्न दाबत होते. विमान उतरलं असेल का, पडलं असेल का, काहीच कळायला मार्ग नव्हता. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस नव्हते ते. वाटेत एका ठिकाणी टपरीवर माणसं रेडिओभोवती जमलेली दिसली. मी थांबले, तर क्रिकेट चाललं होतं.

लताबाईच्या खोलीचं दार उघडं होतं. आत स्नेहा स्टुलावर उभी, हिरवा फ्रॉक, आणि आई तिच्या अंगाला हिरवे फुगे टाचत होती. द्राक्षाचा घड. मला बघून लताबाई हसली, या ताई, म्हणाली, चहा टाकते. तिच्या तोंडावरची ती सुटका बघून मला क्षणभर वाटलं, कशाला सांगायचं? चहा प्यावा, पोरीचं कौतुक करावं आणि जावं. उतरलं असेल तर हिला कधी कळणारही नाही. खरं सांगते, मी तसं ठरवलंसुद्धा. तेवढ्यात पोरीचा एक फुगा फुटला. आम्ही दोघी इतक्या दचकलो, की मी बोलून गेले.

म्हणाले, लताबाई, मी मघाशी खोटं बोलले. ते त्याच विमानात आहेत. यादीत साहेबांचं नाव आहे, कारण तिकीट साहेबांच्या नावाचं होतं. दर वेळी तसंच असायचं.

तिच्या हातात सेफ्टी पिन होती. ती तिने आधी नीट बंद केली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्या पायांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "पडलं असतं, तर मला कोन सांगनार व्हतं?"

मी म्हणाले, आता नाव कळवलंय मी, यादीत घातलंय. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

आम्ही बूथकडे पळालो. पोरगी फुग्यांसकट माझ्या कडेवर. कलाबाईच्या टीव्हीसमोर गल्ली जमली होती. चार पंचवीस. पडद्यावर तेच ते विमान, लांबून, करड्या आभाळात. मग खाली येताना दिसलं. डावं चाक बाहेर होतं, पण ते टिकेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, बातम्या सांगणाऱ्यालाही नाही. लताबाईने माझं मनगट धरलं. तिची नखं माझ्या हातात रुतली, ती खूण महिनाभर होती. विमान टेकलं, एका बाजूला झुकलं, धुरळा उठला, ठिणग्या उडाल्या, आणि घसरत घसरत उभं राहिलं. दारं उघडली. माणसं रबरी घसरगुंडीवरून खाली यायला लागली, मुंगीएवढी, एकामागून एक. लताबाई पडद्याला नाक लावून बघत होती. त्यात तिला तिचा नवरा ओळखू येणार नव्हता, पण ती प्रत्येकाकडे बघत होती.

मी तिथूनच कलाबाईचा नंबर विमान कंपनीला कळवला, आणि साडेपाचला त्यावर त्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, श्री. लहानू भोये यांच्या पत्नी आहेत का? लताबाईने फोन घेतला, हो म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. सगळे सुखरूप होते, तीन जणांचे पाय मुरगळले होते. गॅदरिंग बुडालं. स्नेहा फुगे घालूनच झोपली, असं नंतर कळलं.

माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोकळीच होते आणि पुन्हा श्रमिकनगरला गेले. लहानू पहाटेच्या एसटीने आला होता. ओट्यावर बसून चहात पाव बुडवून खात होता. मला बघून उठला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने शर्टाची बाही वर केली.

डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, निळ्या पेनाने लिहिलेला. आपल्या वळणदार मराठीत. लहानू भोये. श्रमिकनगर, सातपूर. पेठ तालुका. खाली बायकोचं नाव. घामाने फिसकटलेलं होतं, तरी वाचता येत होतं.

तो म्हणाला, चाक अडकलंय म्हणून सांगितलं तेव्हा मी घाबरलो नाय. यंत्र हाय, अडकतं. बाजूचे लोक रडत होते, मी त्यांना सांगत होतो, सुटंल. मग ती बाई माझ्याजवळ आली. सोनेरी कार्डवाला म्हणून खास माझ्याजवळ. खाली बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, मिस्टर देवरे, काळजी करू नका, तुमच्या घरी आम्ही कळवलंय.

"तवा म्या घाबरलो," लहानू म्हणाला. "माझ्या घरी कोनी नव्हतं कळवलं."

मग त्याने त्याच बाईकडून पेन मागून घेतलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. विमान कंपनीने देवरेंचं कार्ड रद्द केलं आणि सगळी उड्डाणं पुसून टाकली, तिसावंसुद्धा. धनराज शेठच्या एजन्सीला सहा महिने तिकिटं देणं बंद केलं. पोलिसांपर्यंत गेलं नाही, का ते मला माहीत नाही. देवरेंनी लहानूला काढलं नाही. उलट कारखान्यात गाडी लावली की आधी त्याच्या बाकड्याशी जाऊन उभे राहायचे. जानेवारीपासून त्याची तिकिटं त्याच्या नावाने निघायला लागली, शून्यापासून. पुढच्या डिसेंबरात काठमांडूचं विमान पळवलं गेलं आणि मग सगळीकडे ओळखपत्रं आली. मला कॅनडा कॉर्नरला दुसरी नोकरी मिळाली. देवरे तिकिटं माझ्याकडूनच काढायचे, हे मी मान्य करायला हवं.

आणि वर्ष संपायच्या आतच लहानूची तीस उड्डाणं भरली. मी एकही रेघ ओढली नव्हती. दोन हजारच्या फेब्रुवारीत टपालाने सोनेरी कार्ड आलं. वर इंग्रजीत ठळक अक्षरांत त्याचं नाव. नंतर नवनव्या विमान कंपन्या आल्या, एकाच्या जागी दोन उड्डाणं धरायला लागले, पंधरा उड्डाणांतच सोनेरी, आणि कार्डं लग्नातल्या अक्षतांसारखी वाटली गेली. पुढे पुढे द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीचे बागायतदारसुद्धा खिशात घेऊन फिरायचे. पण लहानूने त्याचं कार्ड कधी विमानतळावर नेलं नाही. पेटीचं वजन जास्त झालं की पैसे भरायचा. मला वाटायचं, त्याला त्या कार्डाची शिसारी आली असेल.

दोन हजार सातला एकदा तिकीट द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. आता ते तिकीट नव्हतंच, प्रिंटरमधून काढलेला साधा कागद. त्यांनी अशोकनगरला दोन खोल्या घेतल्या होत्या, स्नेहा चौदा वर्षांची झाली होती. लहानू बॅग भरून दाराशी तयार. लताबाईने माझ्या हातातून कागद घेतला आणि फडताळातून मसाल्याच्या डब्यामागचं ते सोनेरी कार्ड काढलं. कडा झिजलेल्या, मुदत कधीच संपलेली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने कागद ओट्यावर पसरला, कार्ड त्यावरच्या नावाखाली ठेवलं आणि बोट लावून जुळवायला लागली. वरचं एक अक्षर, खालचं एक अक्षर. मग पुढचं. मी घड्याळ पाहिलं, पंचवटी चुकायची वेळ झाली होती. लहानू बॅग खांद्याला लावून उभा होता.

शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून एकदा केलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "जा आता."